रेडिओवर जाहिरात केली, गिऱ्हाईक आलं नाही. चुकलं कुठं?

चष्मेवाला_वडगाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं एरवी नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढूलालोय. सांभाळून घ्या.

बेळगावात वडगावला माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक कॉलेजची पोरं, त्यांना फ्रेम पाहिजे. दुसरे चाळिशी उलटलेले, त्यांना जवळचं दिसायला पाहिजे. पोरं आता मोबाईलवरून मागवूलालेत, ती गेली हातची. राहिले चाळिशीवाले. आमच्या वडगाव-खासबाग-शहापूर पट्ट्यात ते कोण, तर मागावरचे कामगार, कांड्या भरणाऱ्या बायका, पिको-फॉलवाल्या, शिंपी. सगळं काम डोळ्यांचं.

आधी हँडबिलं वाटली. पाचशे छापली होती. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला की ज्याला जवळचं दिसत नाही त्याच्याच हातात मी बारीक अक्षरातला कागद देऊलालोय. म्हणून म्हटलं रेडिओ. कानाला चष्मा लागत नाही.

वीस सेकंदांची जाहिरात केली. सकाळी आठ ते दहा, दिवसातून चारदा, तीन आठवडे. दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं त्यात गेलं. एवढ्या दिवसांत रेडिओचं नाव काढून आलेलं माणूस एक. माझा साडू.

जाहिरात ही अशी होती:

"वाढत्या वयोमानानुसार आपल्या दृष्टीवर होणाऱ्या परिणामांची चिंता करताय? आता चिंता सोडा! अत्याधुनिक संगणकीय नेत्रतपासणी, नामांकित कंपन्यांच्या फ्रेम्स व लेन्सेसची भव्य श्रेणी, तत्पर व विनम्र सेवा, तीही अगदी वाजवी दरात. ज्येष्ठांसाठी खास सवलत! आजच भेट द्या, बाजार गल्ली, वडगाव." पुढं मोबाईल नंबर, दोनदा.

मीच लिहिली होती. वाचायला बरी वाटली होती हो. स्टेशनचं नाव विचारू नका, त्यांची चूक नाही. मी दिलं ते त्यांनी वाजवलं.

टिळकवाडीचा_टिन्या

रेडिओ कोण ऐकतंय आता? रील कर भावा.

मागवाला

मी ऐकतो. खासबागला आमचे चार माग आहेत. टिन्या, एक दिवस येऊन बस आमच्याकडं, मग सांग रील कसा बघायचा ते. दोन्ही हात कामात, नजर सुताच्या तारेवर. मोकळा असतो तो कान, आणि तोही मोकळा म्हणायचा एवढंच, कारण माग चालू असताना शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

दादा, तुझी जाहिरात मी ऐकली असणार. सकाळी आठ-नऊला आमचा रेडिओ चालू असतोय. पण त्या खटखटीत काय पोचतं ते सांगतो. गाण्याची चाल पोचते. जाड आवाज पोचतो. शब्द सुटे सुटे, दमानं बोलला तर पोचतो. "अत्याधुनिक संगणकीय नेत्रतपासणी" म्हणजे आम्हाला नुसती फर्रर्र. कोणतरी कुणावर तरी रागावूलालंय असं वाटतं.

आम्ही खरं ऐकतो ते दोन वेळा. दुपारी जेवायला बसलो की, आणि करंट गेला की. करंट गेला की सगळे माग एकदम गप्प, आणि मोबाईलवरचा रेडिओ तेवढा बोलत राहतो. त्या वेळेस जाहिरात लागली तर शब्द न् शब्द कानात जातो. आता करंट कधी जाणार ते वीजवाल्या हेस्कॉमलाच विचार. 😄

तंबाखूची_पोर

निपाणीहून लिहितेय. मागवाल्या दादांचं हात मोकळे नसल्याचं वाचून माझ्या आईची आठवण झाली. आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि शेजारी पाटावर रेडिओ. आमच्या आळीत दुपारी पाच-सहा बायका एका ओट्यावर बसून वळायच्या आणि रेडिओ एकीचाच असायचा. म्हणजे एका रेडिओला सहा श्रोते. हे कुठल्या मोजमापात येत असेल असं मला वाटत नाही.

आणि मोबाईल नंबर! आईच्या हातांना तंबाखू लागलेली, पेन कुठून आणणार? जाहिरातीत नंबर सुरू झाला की बायका पुन्हा आपसात बोलायला लागायच्या. नंबर म्हणजे जाहिरात संपली याची खूण. तुम्ही तो दोनदा दिलात, म्हणजे वीसातले सात-आठ सेकंद गेले. त्यापेक्षा दुकान कशाच्या शेजारी आहे ते सांगितलं असतं तर एखादीच्या लक्षात राहिलं असतं.

दुसरं जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. "वाढत्या वयोमानानुसार" आणि "ज्येष्ठांसाठी". आईला चाळिशी लागली तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. तिला कुणी ज्येष्ठ म्हटलं असतं तर तिनं सूप फेकून मारलं असतं.

चष्मेवाला_वडगाव

ताई, राग कसला. हे डोक्यातच आलं नव्हतं. चाळीसच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचं धूसर होतं, हे मी रोज दहा जणांना समजावून सांगतो. तरी जाहिरात लिहायला बसलो आणि डोळ्यासमोर काठीवाले आजोबा आले.

सांगली_१२५१

हा धागा बघून राहवलं नाही. मी सांगली आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक होतो. नावातला आकडा म्हणजे रेडिओवर आमचं स्टेशन लागायचं तो, जुन्या लोकांना कळेल. मध्यम लहरीमुळं (मीडियम वेव्ह) आमचा आवाज घाट, नदी, राज्याची हद्द काही बघायचा नाही. खानापूर, चिकोडी, अथणी, निपाणी, चंदगड, सगळीकडून पोस्टकार्डं यायची. फर्माईशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी आम्ही नावं आणि गावं वाचायचो, कधीकधी वीस-पंचवीस. नवीन अधिकारी आले की म्हणायचे, कशाला एवढी यादी, गाणं लावा. त्यांना कळायचं नाही की लोक गाण्यासाठी नाही, यादीसाठी बसलेले असायचे. आपल्या गावाचं नाव येतंय का, शेजारच्या गावातल्या कुणाचं आलं का. गावाचं नाव कानावर पडलं की माणूस हातातलं काम थांबवतो. जाहिरातीलाही हेच लागू आहे. तुमच्या जाहिरातीत वडगाव शेवटी आलं, तेही "भेट द्या"च्या गर्दीत.

आता थोडं आवाजाबद्दल. दहा सेकंदांत मराठी वीस-बावीस शब्द नीट बोलता येतात. रेडिओची जाहिरात दहा सेकंदांच्या मापानं विकली जाते, म्हणून हा हिशेब निवेदकाच्या अंगात मुरलेला असतो. तुमचा मजकूर मी घड्याळ लावून वाचला. नंबर सोडूनच वीस सेकंद जवळजवळ भरतात. म्हणजे बोलणाऱ्यानं धाप लागेपर्यंत पळवला असणार किंवा यंत्रावर दाबून बसवला असणार. आणि जोडाक्षरं बघा: दृष्टी, अत्याधुनिक, नेत्र, तत्पर, विनम्र, ज्येष्ठ. मध्यम लहरींवर वरच्या पट्टीचे आवाज कापले जातात, म्हणून श, स, फ यांच्यातला फरक पुसट होतो. एफएमवर ते बरं येतं, पण मागाच्या खोलीत एफएमचीही तीच गत. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" यात तर मी स्वतः फसलोय.

आम्हाला एका वरिष्ठांनी शिकवलं होतं की माईकसमोर सभा भरली आहे असं समजू नका, एक बाई भाकरी थापते आहे असं समजा. ती मान वर करणार नाही. ती "हं" म्हणाली पाहिजे.

टिळकवाडीचा_टिन्या

काका, भारी लिहिलंय. रीलचं मागं घेतो. अर्धं.

पुण्यात_पडलेला_बेळगावकर

मूळचा अनगोळचा, अकरा वर्षं पुण्यात, त्यातली सात जाहिरात संस्थेत जाहिरातींचा मजकूर लिहिण्यात गेली. चष्मेवाले, तुमच्या जाहिरातीला हसू शकत नाही, असल्या शेकडो मी पैसे घेऊन लिहिल्यात. "भव्य श्रेणी" हा शब्द तर आमच्याकडं मालकाला खूश करायला ठेवलेला असतो. जाहिरात ऐकून मालकाला आपलं दुकान मोठं वाटतं. ऐकणाऱ्याला काहीच वाटत नाही.

गंमत म्हणून सांगतो. पैसे घेऊन वाजवलेली पहिली रेडिओ जाहिरात म्हणून जी सांगतात ती १९२२ सालची, न्यूयॉर्कची, फ्लॅट विकण्याची. दहा मिनिटांचं भाषण होतं ते. तेव्हा रेडिओच नवा, लोक काहीही ऐकायचे. आज दहा मिनिटं मिळाली तरी कुणी देऊ नये.

त्याच देशातली दुसरी गोष्ट जास्त कामाची. व्हीटीज नावाचा न्याहारीचा पदार्थ होता, खपत नव्हता. १९२६ च्या नाताळाच्या आदल्या रात्री मिनियापोलिसच्या रेडिओवर चार गवयांनी त्याचं गाणं म्हटलं. जाहिरातीचं पहिलं गाणं म्हणून तेच सांगितलं जातं. पुढं तो पदार्थ बंद करायचा कंपनीचा बेत होता, तेव्हा विक्रीचे आकडे गावानुसार मांडले तर देशभरात खपलेल्या मालातला निम्म्याहून जास्त त्या एका भागात खपलेला, जिथं ते गाणं वाजत होतं. बंद करायचं रद्द झालं आणि गाणं देशभर गेलं. मला यात गाण्यापेक्षा तो विक्रीचा कागद मोलाचा वाटतो. जिथं जाहिरात वाजते तिथं आणि जिथं वाजत नाही तिथं काय फरक पडला, हे कुणीतरी बसून बघितलं.

तुमचं दुकान एकच, म्हणून तसं मोजता येणार नाही. पण "रेडिओवर ऐकून आलात का?" हा प्रश्न सोडा. कुणी हो म्हणत नाही. जाहिरातीला भुललो हे कबूल करायला लोकांना लाज वाटते.

मागवाला

खरं आहे. मी साबण घेतो तो जाहिरात ऐकूनच, पण विचारलं तर सांगणार "आमच्यात पहिल्यापासून हाच असतो".

यळ्ळूरचा_भात

मला एक कळत नाही, रेडिओ कुठला निवडावा हे कुणी बोलेना. आपल्याकडं ही भानगड मोठी आहे. यळ्ळूरला घरी धारवाड खणखणीत लागतं, ते कानडी. आजोबा सांगलीसाठी ट्रान्झिस्टर खिडकीत तिरका धरून बसायचे. रात्री लांबलांबची स्टेशनं घुसायची. आणि गाडीत हायवेनं कोल्हापूरकडं निघालं की पुढं कुठंतरी कोल्हापूरचं एफएम पकडतं.

सांगली_१२५१

बरोबर मुद्दा. एफएमची लाट साधारण नजरेच्या रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की संपली. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते, आणि रात्री वरच्या वातावरणावरून परतून आणखी लांब. आजोबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये रात्री घुसणारी स्टेशनं त्यामुळंच. आत अँटेनाची फेराइटची कांडी आडवी असते, म्हणून तो तिरका धरावा लागायचा.

आता हिशेब सोपा. निपाणीच्या बिडीवाल्या बायकांना कोल्हापूर जवळ, बेळगाव दुप्पट लांब. वडगावच्या मागवाल्याला बेळगाव शहरातलंच काही हवं. शहरात केएलई संस्थेचं वेणुध्वनी हे ९०.४ वर सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. सामुदायिक केंद्रांचा ट्रान्समीटर छोटा असतो, साधारण १०० वॅटचा, शहर आणि भोवतालची खेडी एवढाच त्याचा संसार. पण चष्म्याच्या दुकानाला अथणीचं गिऱ्हाईक हवंय कशाला? अशा केंद्रांना तासाला सातच मिनिटं जाहिरातीची मुभा होती, २०२४ मध्ये ती बारा झाली. सरकारी जाहिरातींचा दरही दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. दुकानदाराला वेगळा दर लागेल, पण अंदाज येतो. मोठ्या शहराचं एफएम घेतलंत तर जे कधी वडगावात पाऊल टाकणार नाहीत अशा हजारो कानांचे पैसे भरता.

खानापूरकर_मामा

भाषेबद्दल बोलतो. जाहिरात शुद्ध मराठीतच असावी असं माझं ठाम मत. आधीच आपल्याकडं मराठी पाट्यांचे हाल. रेडिओवर तरी पोरांच्या कानावर चांगली मराठी पडू दे. उद्या "करूलालोय-जाऊलालोय" रेडिओवरून यायला लागलं तर पुणेवाले हसतील.

तंबाखूची_पोर

मामा, पुणेवाल्यांना चष्मा विकायचा नाहीये.

मागवाला

आणि वडगावात निम्मे मागवाले घरात कानडी बोलतात, त्याचं काय? आमचा शेजारी माझ्याशी मराठी, बायकोशी कानडी, आणि मागाशी दोन्हीत शिव्या.

खानापूरकर_मामा

म्हणजे आता जाहिरात कानडीत करायची? १ नोव्हेंबरला काळ्या पट्ट्या बांधायच्या आणि

धागा_राखण

(मामांचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे. सीमाप्रश्नाचे चार धागे आधीच वाहते आहेत, तिकडं चला. इथं चष्मा.)

पुण्यात_पडलेला_बेळगावकर

१ नोव्हेंबर निघालाच आहे तर निरुपद्रवी माहिती. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्याही १ नोव्हेंबरलाच, १९६७ साली, मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून. त्याआधीची पंधरा वर्षं हिंदी गाणी आणि जाहिराती ऐकायला लोक रेडिओ सिलोन लावायचे. १९५२ ला तिथं अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली, तिच्या नावातच टूथपेस्टचं नाव होतं. जाहिरात कार्यक्रमाच्या मध्ये येत नव्हती, कार्यक्रमाला हाक मारली की जाहिरात व्हायची. ते आपल्या ऐपतीबाहेरचं. पण सयानी बोलायचे ती हिंदी बघा, पुस्तकातली नव्हे, पानाच्या ठेल्यावर कळेल अशी. श्रोत्यांना हाक मारताना बहिणी आधी, भाऊ नंतर.

भाषेचं माझं म्हणणं असं: एकाच वीस सेकंदांत अर्धं मराठी, अर्धं कानडी कोंबू नका. दोघांनाही अर्धीच जाहिरात मिळते. परवडत असेल तर दोन वेगळ्या करा. नसेल तर मराठीतली एकच, पण गल्लीत बोलतात तशी. शेजारच्या कानडी बाईलाही तीच मराठी कळते, "नेत्रतपासणी" तिलाही कळत नाही.

यळ्ळूरचा_भात

हाक तरी "एनरी अक्का" (काय हो ताई) अशी घाला. आमच्याकडं मराठी बायकापण मारतात ती हाक.

तंबाखूची_पोर

मी एक करून बघितलंय. आईला वाचून दाखवलं, ती हसली, म्हणून टाकतेय.

(मागाचा आवाज. एकदम बंद.)
— एनरी अक्का, का थांबवलंय?
— तार तुटली गं. टोक घावंना झालंय.
— हात केवढा लांब नेऊलालीस! डोळं दाखव की.
— मला काय झालंय? लांबचा बसचा बोर्ड वाचतो मी.
— लांबचं दिसतंय गं, जवळचं नाही. चाळिशी म्हणत्यात तिला. वडगावात पाण्याच्या टाकीखाली चष्म्याचं दुकान हाय बघ. चष्मा एकशे ऐंशीपासून.

किंमत मी मनानं घातलीय, तुम्ही खरी घाला. टाकी पण.

पुण्यात_पडलेला_बेळगावकर

सात वर्षांत मी असं काही लिहिलं नाही. एकच, "बोर्ड वाचते मी" पाहिजे ना? बाई बोलतेय.

तंबाखूची_पोर

पुण्याचं पाणी लागलं तुम्हाला. आमच्याकडं बायका "मी येतो, मी वाचतो"च म्हणतात. आई म्हणते, "वाचते" म्हटलं की ती बाई शाळेतली मास्तरीण वाटते.

मागवाला

झकास आहे. पण एक अडचण. सुरुवातीला मागाचा आवाज टाकलाय. माग चालू असलेल्या खोलीत रेडिओतल्या मागाचा आवाज कुणाला कळणार?

सांगली_१२५१

😄 लाखाची शंका. पण जेवणाच्या सुट्टीत ऐकणाऱ्याला तो आवाज बंद होणं बरोबर कळेल. माग बंद पडला की मागवाल्याची मान आपोआप वळते, वळते की नाही? आवाजापेक्षा आवाज थांबणं जास्त ऐकू येतं. तेवढं एक सेकंद ठेवा.

शब्द मात्र जास्त झालेत. "चाळिशी म्हणत्यात तिला" काढा, ज्याला झालीय त्याला माहीत आहे. शेवटचा समजावणीचा भाग मुळातच नको. "बसचा बोर्ड वाचतो मी" झाल्यावर दुसरीनं नुसतं विचारावं, "आणि जवळचं?" आणि मग दोन सेकंद कुणीच बोलू नये. ऐकणारा तेवढ्या वेळात स्वतःचा हात बघेल. मग पत्ता.

टिळकवाडीचा_टिन्या

पैसे भरून दोन सेकंद गप्प बसायचं? 😳

सांगली_१२५१

सगळ्यात महाग दोन सेकंद तेच.

यळ्ळूरचा_भात

"तपासणी मोफत" टाकायला नको का?

मागवाला

नको. मोफत म्हटलं की आमच्यात लोक घाबरतात. आत गेलं की तीन हजाराची फ्रेम गळ्यात मारतील म्हणून. एकशे ऐंशी म्हटलं की खिशात हात घालून बघता येतं.

आणि दादा, मूळ गोष्ट राहिलीच. तुझं दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. आम्ही मोकळे होतो तेव्हाच. माझी बायको दोनदा येऊन शटर बघून गेलीय. जाहिरात कितीही चांगली कर, शटरला काय ऐकू येतंय?

धागा_राखण

आगाऊ सूचना. उत्साहात कुणी "चष्म्याचा नंबर घालवा", "मोतीबिंदू बिनऑपरेशन बरा" असलं काही सुचवू नये. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्या यादीत मोतीबिंदू आहे. सिनेमाच्या गाण्याची चाल उचलून त्यावर शब्द बसवायचा विचार असेल तर तोही सोडा, हक्कांचे पैसे मागायला माणसं येतात.

पुण्यात_पडलेला_बेळगावकर

शेवटचं एक. तीन आठवडे रोज चारदा असा मारा करू नका. ज्या दिवशी जाहिरात ऐकली त्याच दिवशी कुणाला चष्मा लागत नाही. ती वाक्यं कुठंतरी पडून राहतात आणि दोन महिन्यांनी सुईत दोरा जाईना झाला की वर येतात. तेवढ्याच पैशांत रोज दोनदाच, पण जास्त दिवस. दुपारची वेळ सकाळपेक्षा स्वस्तही असते, कारण मोठ्या जाहिरातदारांना गाडीत बसलेला ऑफिसवाला हवा असतो. तुम्हाला तो नकोच आहे.

आणि फोनमध्ये रेडिओ असतो का, हेही गिऱ्हाइकांना सहज विचारा. नव्या बऱ्याच फोनमध्ये तो बंद करून देतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारला फोन कंपन्यांना सांगावं लागलं होतं की एफएमची सोय चालू ठेवा.

मागवाला

आमच्याकडं बटणाचे फोन. हेडफोनची वायर खोचली की लागतं. वायर तुटकी असली तरी चालते, ऐकायचं स्पीकरवर, वायर नुसती अँटेनाला.

चष्मेवाला_वडगाव (दोन महिन्यांनी)

धागा वर काढूलालोय. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, कामात होतो.

आधी शटर. दुपारी उघडं ठेवायला लागलो. बायको म्हणाली झोपायचं कधी, म्हटलं रात्री.

जाहिरात ताईंनी लिहिली तीच केली, काकांनी कापली तशी. आवाज माझ्या आत्याचा आणि तिच्या शेजारणीचा. आत्यानं चाळीस वर्षं कांड्या भरल्यात. रेकॉर्डिंगचा पोरगा चांगला होता, पण दोन-तीनदा म्हणाला, "आत्या, जरा शुद्ध बोला." आत्या शुद्ध बोलायला गेली की तिचा आवाज बँकेतल्या माणसासारखा व्हायचा. शेवटी मी म्हटलं राहू दे. शेजारणीचं घरचं बोलणं कानडी, तिचं "एनरी अक्का" तर पहिल्याच टेकला असं आलं की पोरगा काचेपलीकडं हसला. मामांची क्षमा मागतो.

शेवटी आत्याच म्हणते, "वडगाव, पाण्याच्या टाकीखाली. चष्मा एकशे ऐंशीपासून. दुपारी पण उघडं." नंबर नाही. दुपारी एक ते तीनमध्ये दोनदा.

पहिले दहा दिवस काही नाही. मी रोज घड्याळ बघून रेडिओ लावायचो आणि रोज वाटायचं, गेले पैसे. दहाव्या दिवशी साडूचा फोन, "तुझी आत्या रेडिओवर भांडूलालीय." म्हटलं घ्या, पुन्हा तोच एकटा.

मग एक बाई आल्या, शहापूरच्या. कुठं कळलं विचारलं तर म्हणाल्या, असंच, इकडनं जात होतो. खुर्चीत बसवलं, म्हटलं काय त्रास होतोय. म्हणाल्या, "लांबचं दिसतंय हो मला. बसचा बोर्ड वाचतो की मी."

मी काहीच बोललो नाही. वहीत एक खूण केली. रेडिओवर ऐकलं असं आजवर चौघांनीच सांगितलंय. पण "बसचा बोर्ड" म्हणणारे आतापर्यंत एकोणीस झालेत, आणि त्यातले सहा-सात जण तरी शेजारणीचं ऐकून आलेले. शेजारणीनं कुठं ऐकलं ते त्यांना माहीत नाही. एक शिंपीकाका आले, ते तर म्हणाले की बसचा बोर्ड पण दिसत नाही. त्यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

भाडं अजून सुटलं नाही पूर्ण. पण दुपारी दुकानात आता माणूस असतो.

सांगली_१२५१

ते दोन सेकंद ठेवले का?

चष्मेवाला_वडगाव

ठेवले काका. रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं चुकून राहिलेत, त्यानं एकदा कापून टाकले होते. परत घालून घेतले.

खानापूरकर_मामा

ऐकली मी, बेळगावला पाहुण्यांकडं गेलो होतो तेव्हा. "घावंना" हा शब्द रेडिओवर पहिल्यांदाच ऐकला. माझी आई म्हणायची. बरं वाटलं. बाकी माझं मत कायम आहे.

मागवाला

परवा येतो दादा, दुपारी. आईला पण आणतो. ती म्हणते तिला सगळं दिसतंय. पण आठवडाभर भातात खडे लागूलालेत.